टॅबमधल्या बाई

"अगं, ह्याच त्या! आवाज वळखला न्हाईस व्हय?"

मी शेडच्या दारात उभी राहून नुसतं "नमस्कार, आत येऊ का?" म्हटलं होतं. बेदाणे निवडणाऱ्या वीसेक बायकांनी एकदम माना वर केल्या. पत्र्याच्या शेडवर मार्चचं ऊन तापत होतं, गंधकाचा वास नाकात झोंबत होता. पहाटे पाचला पुण्याहून निघाल्यामुळे म्हणा किंवा वर्षभराच्या दगदगीमुळे म्हणा, मी दाराची चौकट धरूनच उभी होते.

"टॅबमधल्या बाई आल्यात!"

"म्हणा की एकदा, 'ताई, तुमचं वय किती? आकड्यावर बोट ठेवा.'"

मी म्हटलं. अगदी टॅबमध्ये म्हणते तसंच, प्रत्येक शब्द सुटा करून. सगळी शेड खो खो हसली. एकीने डोळ्याला पदर लावला. "आमाला वाटलं, तुमी लई गोऱ्या आन् जाड असचाल," ती म्हणाली आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

बारा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते आणि बायकांच्या आरोग्यासाठी आम्ही एक अ‍ॅप बनवत होतो. गावातल्या आशाताईच्या हातात टॅब द्यायचा. टॅबने बाईला बोलून प्रश्न विचारायचे, बाईने हो किंवा नाहीच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि शेवटी अंगठा उमटायचा. हिरवा अंगठा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा विचारू, लाल म्हणजे दवाखाना. हे अंगठे निरंजनच्या डोक्यातून निघाले होते. निरंजन म्हणजे आमचा साहेब, पण त्याला साहेब म्हटलेलं आवडत नसे.

शब्द माझे होते. आवाजही माझाच, कारण पैसे देऊन बोलावलेली मुलगी साबणाच्या जाहिरातीसारखी बोलायची. आवाज घुमू नये म्हणून मीटिंगच्या खोलीला रजई लावून मी सतरा प्रश्न आणि बावीस सल्ले तीन दिवसांत बोलून काढले. त्याआधी तीन आठवडे शब्दांवरून भांडले. डॉक्टरांनी दिलेल्या यादीत 'श्वेतप्रदर' होतं, 'योनिमार्गातून स्राव' होतं. मी म्हणाले, असं कोणती बाई बोलते? आमची आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या 'अंगावर जातं' म्हणतात. मी 'अंगावर जातं का?' असा प्रश्न घातला. तो नववा प्रश्न. ऑफिसात सगळ्यांनी मान डोलावली, वा, काय शब्द आहे! मलाही माझं मोठं कौतुक वाटलं होतं.

तर त्या दिवशी तासगावच्या बाजूच्या त्या शेडमध्ये पाच महिन्यांची चाचणी संपत होती. दुपारी तीनला निरंजन पैसे देणाऱ्या संस्थेच्या, दिल्लीच्या दोन पाहुण्यांना घेऊन येणार होता. त्यांनी हो म्हटलं की अ‍ॅप आठ तालुक्यांत जाणार. मी सकाळपासून पुढे येऊन सगळं नीट आहे ना ते बघायचं, एवढंच माझं काम होतं.

मी चटईवर बसले तशी एक बाई आपलं ताट बाजूला सारून माझ्याजवळ सरकली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत, पण ओठ पांढुरके. तिने बेदाण्याची मूठ माझ्या ओंजळीत ओतली.

"खावा. एक नंबरचा माल हाय, मालक बघत न्हाई आता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमचं लई उपकार हायती माझ्यावर."

"माझे? काय केलं मी?"

"मी लई घोरात व्हते. झोप न्हाई, जेवान न्हाई. तुमी म्हणला, 'घाबरू नका ताई', तवापासनं बिनघोर हाय बघा. हिरवा अंगठा आला मला."

द्रौपदा तिचं नाव. मला अगदी भरून आलं. वर्षभर आकडे, तक्ते, रात्रंदिवसाच्या दुरुस्त्या यांतच होते, आणि इथे एक जिवंत बाई मला सांगत होती की माझ्या आवाजाने तिला झोप लागली. मी तिचा हात हातात घेतला. त्या हाताला बेदाण्याचा चिकटा होता.

"म्याडम, जरा भाईर येता?" मागून शालनताई म्हणाली.

शालन माने ही त्या गावची आशाताई. चाळिशीची, किरकोळ बांध्याची, सतत घाईत. सकाळी स्टँडवर मला घ्यायला आली तेव्हापासून ती काहीतरी सांगायला बघत होती आणि मी फोनवर होते. आता ती मला शेडमागे घेऊन गेली. तिथे हिरव्या जाळीखाली द्राक्षं वाळत घातलेल्या मांडण्यांच्या रांगा होत्या. सावलीत उभं राहिल्यावरही माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी एका खांबाला टेकले.

"द्रौपदाकाकीचं काय ते तुमीच बघा आता," शालनताई म्हणाली. "चार महिनं सांगतीया, दवाखान्यात चला. ऐकत न्हाईत. अंगावर जातंय त्यांच्या."

"हो, टॅबने सल्ला दिलाय ना. स्वच्छता ठेवा, सुती कपडे वापरा..."

"सुती कापडानं थांबतंय व्हय ते?"

"पांढरं जाणं हे बऱ्याचदा साधं असतं, शालनताई..."

"पांढरं कोण म्हणलं? लाल जातंय. पाळी जाऊन पाच वर्सं झाली त्यांची."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते. मग कळलं. पण तरी वेड्यासारखं मी विचारलं, "पण 'अंगावर जातं' म्हणजे पांढरंच ना?"

"तुमच्यात आसंल. आमच्यात पांढरं गेलं तरी अंगावर जातंय, लाल गेलं तरी अंगावर जातंय. कुठलं ते इचारावं लागतंय."

विचारलंच नव्हतं. रक्ताचा वेगळा प्रश्न होता, पण तो फक्त पाळी चालू असलेल्या बायकांना. पाळी गेलेल्या बाईला रक्ताचं काय विचारायचं, उगाच प्रश्न वाढतात, असं म्हणून तो मीच वगळला होता. द्रौपदाकाकींनी 'पाळी गेली' वर बोट ठेवलं, टॅबने उडी मारून नववा प्रश्न विचारला, त्यांनी खरं ते सांगितलं, हो, जातं. आणि माझ्या आवाजाने त्यांना घाबरू नका म्हटलं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं म्हणजे काय असू शकतं, हे मला माहीत होतं. डॉक्टरांच्या यादीत ते ठळक अक्षरात होतं.

"मग तुम्ही कळवलं का नाही?" मी शालनताईवरच ओरडले.

"कळवलं की. शेऱ्यात लिवलं. चार येळा."

शेरा. टॅबवर अगदी खाली शेऱ्याची एक चौकट होती. आशाताईंना आपलंही काही विचारतात असं वाटावं म्हणून ती ठेवली होती. पुण्याला दर महिन्याला जो तक्ता यायचा त्यात अंगठे असत. मोकळं लिहिलेलं मोजता येत नाही म्हणून शेरे त्यात घेतलेच नव्हते. ते चार शेरे कुठेतरी पडून होते आणि मी तिच्यावर ओरडत होते.

"आजून तिघींचं तसंच झालतं," शालनताई खाली बघत म्हणाली. "त्यांना मी वढत नेलं, बऱ्या हायती. ह्या एकट्याच अडून बसल्यात. म्हणत्यात, तू शिकलीस किती आन् त्या बाई शिकल्यात किती! आता तुमीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी निरंजनला फोन लावला. तो गाडीत होता. पाहुणे शेजारीच असणार, कारण तो फारच प्रसन्न आवाजात बोलत होता.

"नववा प्रश्न चुकलाय," मी म्हटलं. "एका बाईला लाल यायला हवा होता, हिरवा आलाय. पाच महिने झाले."

 मग तसाच प्रसन्नपणे म्हणाला, "हो का? सोमवारी सुधारून टाकू. तू तिला दवाखान्यात पाठव, गाडीची सोय मी करतो. बाकी आज काही नको. आलोच आम्ही."

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. बाईला दवाखान्यात पाठवायचं होतं, ते तो करतच होता. चूक सगळ्यांना सांगून कुणाचं भलं होणार होतं? शेडकडे परत येताना मी स्वतःला हेच समजावत होते.

"काकी, उद्या माझ्याबरोबर मिरजेला येता का? एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ," मी द्रौपदाकाकींजवळ बसून हळूच म्हटलं.

"कशापायी?"

"असंच. एकदा बघून घेतलेलं बरं."

"शालननं कान भरलं व्हय तुमचं?" काकी हसल्या. "आवं, माझ्या थोरल्या जावंला असंच मिरजंला नेलतं. पोट फाडलं, पिशवी काढली, वरीसभर हातरुणात. त्यापरास हाय ते बरं हाय. आन् तुमीच म्हणलाय न्हवं घाबरू नका? शालन, लाव गं ते."

"ऱ्हाऊ दे काकी."

"लाव म्हणते ना!"

शालनताईने माझ्याकडे बघितलं आणि टॅब लावला. मी बोलू लागले. रजई लावलेल्या खोलीतली, पाच महिन्यांपूर्वीची, ताजीतवानी मी. "घाबरू नका, ताई. बऱ्याच बायकांना असं होतं. स्वच्छता ठेवा. सुती कपडे वापरा. भरपूर पाणी प्या." बेदाणे निवडता निवडता बायका माझ्याबरोबर म्हणू लागल्या. त्यांना ते पाठ होतं. आरती म्हणावी तसं सगळी शेड म्हणत होती, घाबरू नका, ताई.

मी उठले. बाहेर जावं, पाणी प्यावं, काहीतरी करावं म्हणून उठले, आणि काकींचा हात मागून माझ्या कमरेला लागला.

"बाई, थांबा. मागं बघू नका. माझ्याम्होरं चाला."

त्यांनी आपला पदर सोडून माझ्या पाठीमागे धरला आणि मला तशीच चालवत मांडण्यांमागे नेलं. माझा पंजाबी ड्रेस मागून भिजला होता. दोन तासांपूर्वीच तर बदललं होतं मी, स्टँडवरच्या त्या घाणेरड्या मुतारीत. शेडला तर तेवढंही नव्हतं. काकींनी मांडणीची जाळी ओढून आडोसा केला, कमरेची पिशवी उघडली आणि घडी घातलेलं सुती कापड काढून माझ्या हातात दिलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली बाई पिशवीत कापड घेऊन हिंडत होती.

"किती दिस चाललंय तुमचं?" जाळीपलीकडून त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. नेहमीचंच आहे."

"नेहमीचं म्हंजी?"

"म्हणजे... वर्ष झालं असेल. दहा दहा दिवस जातं. कामाची दगदग, दुसरं काही नाही."

टॅब तपासताना मी माझ्या नावाने शेकडो वेळा ते सतरा प्रश्न सोडवले होते. लवकर शेवटापर्यंत पोचायचं म्हणून सगळ्यांना नाही, नाही, नाही. हेमांगी दातार, वय छत्तीस, हिरवा अंगठा.

काकी खुदकन हसल्या. "म्हंजी टॅबमधल्या बाईच्या बी अंगावर जातंय म्हणा की!"

मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. मी इतकी दमले होते की कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. ओढणी कमरेला गुंडाळून मी जाळीबाहेर आले.

"काकी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला वाटलं, अंगावर जातं म्हणजे पांढरं जातं. मी पांढऱ्याचं औषध सांगितलं तुम्हाला. तुमचं लाल जातंय. ते वेगळं असतं. ते साधं नसतं. शालनताई बरोबर सांगत होत्या."

त्या बघत राहिल्या. चिडतील असं वाटलं होतं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी घाबराय पायजे व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पाच महिनं?"

"हो, काकी."

त्या मांडणीवरची द्राक्षं उगाच सारखी करत राहिल्या. अर्धी वाळलेली, ना द्राक्ष ना बेदाणा अशी ती फळं.  शेडमध्ये कुणीतरी टॅब अजून चालूच ठेवला होता आणि मी कुणाला तरी वय विचारत होते.

"येते उद्या," शेवटी त्या म्हणाल्या. "पर एक. तुमी बी दावायचं. मी एकटी न्हाई झोपणार त्या टेबलावर."

"मी पुण्याला दाखवीन."

"पुन्याबिन्याचं न्हाई. उद्या, माझ्यासंगं."

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या कमरेची ओढणी सोडली, नीट डाग झाकेल अशी पुन्हा बांधून दिली आणि विचारलं, "तुमचं सायेब येणार हायती न्हवं आता? त्यांना ठावं हाय का हे?"

मी ओढणीची गाठ चाचपली. त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिलं होतं.

पाहुणे आले. दोन बायका, खादीच्या साड्या, खऱ्या आस्थेने सगळं बघणाऱ्या. निरंजन हिंदी-इंग्रजीतून समजावून सांगत होता. त्यांनी चटईवर बसून दोन-चार बेदाणे निवडले, बायका लाजून हसल्या. मग त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, ह्या टॅबचा कुणाला खरंच उपयोग झाला का? निरंजनने ते मराठीत विचारलं. शेडमधल्या सगळ्या माना द्रौपदाकाकींकडे वळल्या. सकाळपासून त्यांनीच माझ्या उपकाराचं गाणं लावलं होतं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहून सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी चटईचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले.

"व्हय," काकी म्हणाल्या. "लई उपेग झाला."

शालनताई उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी मिरजेत होतो. निरंजनने सांगितल्याप्रमाणे गाडी आली होती. डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, रात्रभर बाळंतपणं केलेल्या असाव्यात, डोळे तांबारलेले. त्यांनी काकींना आत घेतलं. मी आणि शालनताई पडद्याबाहेर बसलो. आतून काकींचा एकदाच आवाज आला, "आई गं," एवढाच. बऱ्याच वेळाने डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आल्या.

"तुकडा घेतलाय, तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. "पण मला लक्षण चांगलं दिसत नाही. मावशी, किती दिवस जातंय असं?"

"पाच महिनं झालं."

"पाच महिने!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाळी गेल्यावर रक्त दिसलं की त्याच आठवड्यात यायचं असतं. इतके दिवस का अंगावर काढलंत?" मग त्या शालनताईकडे वळल्या. "तुम्ही आशा ना त्यांच्या? काय करत होता तुम्ही पाच महिने? टॅब घेऊन हिंडता ना घरोघर? हेच शिकवतात का तुम्हाला?"

 शालनताई माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे, वाट बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. तिच्या मांडीवर तो टॅब होता, पिशवीत घातलेला, आणि त्याच्यावर तिने दोन्ही हात ठेवले होते.

मी बोलणार होते. अजूनही मी स्वतःला असंच सांगते की मी तोंड उघडलं होतं.

"तिला का बोलताय, डागदरीनबाई?" पडद्याआडून लुगडं सारखं करत काकी बाहेर आल्या. "तिनं लई येळा सांगितलं. मीच आले न्हाई."

"का पण?"

काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"भ्याले," त्या म्हणाल्या. "मीच भ्याले."

डॉक्टर बाईंनी निःश्वास टाकला. हे उत्तर त्यांनी हजारदा ऐकलेलं असावं. त्यांनी पेन उचललं आणि केसपेपरवर लिहिलं. मी समोरच उभी होते, मला उलट्या बाजूनेही वाचता आलं. भीतीमुळे उपचारास विलंब.

"आता ह्यांना बी बघा," काकी म्हणाल्या. "ह्यांचं वरीस झालंय."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला बसावंच लागलं. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. गर्भाशयात लिंबाएवढी गाठ. "तुम्ही तर शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या, "तुम्ही का अंगावर काढलंत?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. मला त्याच संध्याकाळी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. शेजारच्या खाटेवर काकी पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. दुसरी बाटली संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आली बघा तोंडावर लाली," आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

तपासणीत जे यायचं तेच आलं. काकींचं ऑपरेशन झालं, मग सोलापूरला जाऊन कॅन्सरचे, किरणांचे शेक घेतले, त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने त्या होत्या. पहिल्याच महिन्यात आल्या असत्या तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं, असं डॉक्टर मला फोनवर म्हणाल्या. मी त्यांना विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. विचारायला नको होतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

नववा प्रश्न दुरुस्त करायला तीन दिवस लागले. त्याच्या जागी दोन चित्रं आली, एक पांढरा डाग पडलेलं कापड आणि एक लाल. शेरे तक्त्यात घेतले, रोज सकाळी ते वाचायचं काम मी मागून घेतलं. बावीस सल्ल्यांतून 'घाबरू नका' हे शब्द काढले आणि सगळे सल्ले पुन्हा बोलून दिले. हे करायला कुणाची हरकत नव्हती. निरंजन म्हणाला, छान, आवाजही जरा गंभीर झालाय तुझा.

मग पाहुण्यांच्या संस्थेला अहवाल द्यायचा होता. इंग्रजी निरंजनने लिहिला, मराठी मी. त्यात एक प्रकरण होतं, स्त्रिया उपचारांसाठी उशिरा का येतात. माझ्यासमोर केसपेपरांच्या प्रती होत्या, काकींचीही होती. मी दोन दिवस त्या पानाशी बसून होते. शेवटी लिहिलं, 'ग्रामीण स्त्रिया मुख्यत्वे भीती व गैरसमज यांमुळे उपचारांस विलंब करतात.' अहवाल छापून झाला. अ‍ॅप आठही तालुक्यांत गेलं. ते वाक्य पुढे दुसऱ्यांच्या अहवालांतही गेलं, अजूनही कुठे कुठे ते भेटतं, माझेच शब्द, माझाच पूर्णविराम.

काकी गेल्या तेव्हा शालनताईचा फोन आला. मिरजेनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत असे. त्या दिवशीही थोडंच बोलली. शेवटी म्हणाली, "म्याडम, एक इचारू? तवा तुमी का बोलला न्हाईसा?"

मी म्हटलं, "शालनताई, खरं सांगू..." आणि पुढे मला सांगता आलं नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि फोन ठेवला.

उत्तर तिला तेव्हाही ठाऊक असणार. द्रौपदाकाकी भ्याल्याच नव्हत्या. त्या पाच महिने बिनघोर झोपल्या, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. भ्याले होते मी.